फ्रायसाहेबांचं सतरावं नाणं

न्यू जर्सीत मी अकरा वर्षं नाण्यांच्या दुकानात नोकरी केली असं सांगितलं, की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे बँकेत का?" बँकेत नाही हो, दुकानात. जुनी नाणी घेणारं आणि विकणारं दुकान. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करणारा, मध्ये आम्ही. दुसरा प्रश्न, "मग तिथे तुम्ही काय करायचात?" मी सांगते, "नाणी बघायचे." लोकांना तो विनोद वाटतो. पण मला खरोखर बघण्याचाच पगार मिळायचा, आणि मी चांगलं बघायचे.

आम्ही वेस्ट विंडसरला राहायला आलो तेव्हा माझा नवरा प्रकाश एका प्रयोगशाळेत सेमीकंडक्टरवर काम करत होता. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., पण इथे त्या पदवीला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. मुलगी मेघना शाळेत जायला लागली आणि माझा दिवस रिकामा झाला. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. चांदीचा भाव असा काही भडकला होता की लोक आजीचे चमचे, मेणबत्तीचे स्टँड, नवऱ्याच्या ट्रॉफ्या पिशव्यांत भरून दुकानांसमोर रांगा लावत होते. आमच्या शेजारच्या हेलनला सासूचा चहाचा सेट विकायचा होता. सोबत म्हणून मी गेले.

काउंटरवर दुकानाचे मालक मिस्टर डोरन होते. साठीचे, आयरिश, पँटला सस्पेंडर लावणारे. सेटमधलं साखरेचं भांडं वजनकाट्यावर ठेवताना ते काट्याच्या कडेला लागून वाजलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे चांदीचं नाहीये. वरून मुलामा आहे."

हेलनने माझ्याकडे असं बघितलं की मी आजही ते विसरलेले नाही. डोरनसाहेबांनी भांडं उलटं केलं, बुडाला कानस मारली. खालून तांबं लाल दिसलं.

"कसं कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

आता काय सांगायचं! माझं माहेरचं आडनाव पोतदार. खजिन्यात आलेलं नाणं खरं की खोटं हे पारखणारा तो पोतदार. आमच्या घराण्याचा तो मान कधीच गेला होता, पण वडिलांचं बार्शीला सराफी दुकान होतं. त्यांच्या पेढीवर एक काळा दगड होता. आलेला चांदीचा रुपया ते त्यावर टाकायचे आणि कान देऊन ऐकायचे. शाळा सुटली की मी तिथेच बसलेली असायचे. हे सगळं मी माझ्या तेव्हाच्या इंग्रजीत सांगितलं. त्यांना किती समजलं कोण जाणे. ते म्हणाले, "सोमवारी नऊ वाजता येता का?"

हेलन पुढे दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. नोकरी मात्र मिळाली.

या धंद्यातली पहिली गोष्ट मी चूक करून शिकले. दिवाळीचा आठवडा होता, नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. ट्रेमध्ये एक मोठं नाणं होतं, काळपट तपकिरी, कडेला निळसर झाक आलेली. आपल्याकडे दिवाळीच्या आधी देव, निरांजन, तबकं सगळं घासून लखलखीत करायची रीत. डोरनसाहेब जेवायला गेले होते. मी मागच्या सिंकपाशी गेले आणि टूथपेस्ट लावून ते नाणं घासलं. आरशासारखं झालं. मी ते कौतुकाने त्यांच्या टेबलावर ठेवलं.

ते आले, त्यांनी बघितलं आणि खुर्चीत बसले. ओरडले नाहीत.

"मिसेस के," ते म्हणाले, "त्याला असं दिसायला शंभर वर्षं लागली होती."

जुन्या चांदीवर चढलेला तो काळसर थर म्हणजे मळ नसतो. नाणं आजवर कोणी घासलेलं नाही याचा तो पुरावा असतो, आणि संग्राहक त्याचेच पैसे देतात. मी पाच मिनिटांत त्या नाण्याची निम्म्याहून जास्त किंमत धुऊन टाकली होती. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "माझ्या पगारातून कापा."

"पगारातून नको," ते म्हणाले. "हे स्विस आहे. नेमबाजीच्या उत्सवाचं नाणं. मला यातलं फारसं कळत नाही आणि गिऱ्हाइकं विचारतात. तुम्ही बिघडवलंय, आता तुम्हीच शिका."

तर अशी मी स्विस नाण्यांची तज्ज्ञ झाले. शिक्षा म्हणून.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक असायची आणि नेमबाजी हा तिथला मोठा मानाचा खेळ. दर दोन-तीन वर्षांनी एखादं गाव सगळ्या देशाच्या नेमबाजांना बोलवायचं. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड असतो ना, तसंच काहीसं. तंबू, बँड, झेंडे, बीअर आणि दिवसभर चाललेला गोळीबार. एकोणिसाव्या शतकात अशा काही उत्सवांसाठी चांदीची खास नाणी पाडली गेली. बहुतेकांचं वजन रोजच्या पाच फ्रँकच्या नाण्याइतकंच, पंचवीस ग्रॅम. म्हणजे उत्सवात बीअर प्यायची तर ते नाणं चालायचं. पण त्यावरची चित्रं इतकी देखणी की लोक खर्च न करता घरी घेऊन जायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे. एका नाण्यावर एक वीर मरून पडलेला आहे. शत्रूचे भाले त्याने कवेत घेऊन स्वतःच्या छातीत रुतवून घेतले आणि आपल्या लोकांना वाट करून दिली, अशी त्याची कथा. ती मला डोरनसाहेबांनी सांगितली तेव्हा मी म्हटलं, "आमच्याकडेही एक होता. त्याने खिंड अडवली होती." मग त्यांना बाजीप्रभू सांगावा लागला. गिऱ्हाईक येऊन ताटकळलं.

संग्राहक मोजतात त्याप्रमाणे त्या शतकातली अशी नाणी सतरा. वेड लागण्यासाठी हा आकडा फार सोयीचा. फार नाहीत, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्या हयातीत जमतील. चिकाटी असली तर सोळा जमतातही. सतरावं म्हणजे ग्लारुसचं, सन १८४७चं. ते भल्याभल्यांना मिळत नाही.

फ्रायसाहेबांना ते चाळीस वर्षं मिळालेलं नव्हतं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दुकानात रुळून दोन वर्षं झाली असतील. ऐंशीच्या आसपासचा उंच, ताठ माणूस. उन्हाळ्यातसुद्धा कोट आणि हॅट. हडसन नदीच्या या बाजूला स्विस लोकांच्या भरतकामाच्या गिरण्या होत्या, त्यातल्या एकीत त्यांनी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली होती. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे स्विस नाण्यांचं कोण बघतं?" डोरनसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा रोज साडी नेसत असे. फ्रायसाहेबांनी माझ्यामागे दुसरं कोणी उभं आहे का, ते वाकून बघितलं.

मग खिशातून एक पदक काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे कुठलं?"

मी दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. "मला माहीत नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी हॅट काढून काउंटरवर ठेवली. "चाळीस वर्षं मी दुकानं फिरतोय," ते म्हणाले. "हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं."

त्यानंतर ते दर बुधवारी बसने यायचे. मला 'फ्राऊ केल्कार' म्हणायचे. फ्राऊ म्हणजे श्रीमती, आणि केळकरमधला ळ त्यांना कधी जमला नाही. नाण्यांवरच्या अक्षरांवरून त्यांनी मला वाचण्यापुरतं जर्मन शिकवलं. युरोपातल्या जुन्या लिलावांच्या सचित्र याद्यांची दोन खोकी आणून दिली. "वाचा," म्हणाले, "कादंबरी वाचतात तशा." मी वाचल्याही. दुकानात गर्दी नसली की तळघराच्या पायरीवर बसून एकेक पान.

एका बुधवारी त्यांनी आपला संग्रह आणला. स्वतः केलेला अक्रोडाच्या लाकडाचा ट्रे, त्यात हिरवं कापड लावलेले सतरा गोल खण. सोळा भरलेले. नाणी सालांच्या क्रमाने लावलेली, म्हणून ग्लारुसचा दुसरा खण रिकामा. "आमचं घराणं ग्लारुसचं," ते म्हणाले. "माझे पणजोबा त्या उत्सवात नेम धरायला उभे होते. बाकी सगळ्या गावांची नाणी मिळाली, घरचंच नाही."

पुढच्या वर्षी वसंतात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात नाण्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. दोन दिवस आधी फ्रायसाहेबांचा दुकानात फोन. एका बड्या व्यापाऱ्याकडे ग्लारुसचं नाणं आलं होतं. त्या व्यापाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे तो सरळ वागला. त्याला पैसे नको होते. बदल्यात फ्रायसाहेबांच्या ट्रेमधली सहा नाणी हवी होती, सगळ्यांत चांगली सहा. "मी द्यायचं ठरवलंय," ते म्हणाले. "फक्त तुम्ही एकदा बघा. माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

डोरनसाहेबांनी सुट्टी दिली. त्या टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या, एक व्यापाऱ्याची आणि एक फ्रायसाहेबांची. मी उभी. ट्रे असलेली बॅग फ्रायसाहेबांनी मांडीवर धरली होती.

नाणं सुंदर होतं. एका बाजूला ग्लारुसचं चिन्ह, हातात काठी घेतलेला संत. वजन बरोबर. बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकेच वाजवलं, नाद लांब आणि स्वच्छ. माझ्या वडिलांनी डोळे मिटून घेतलं असतं. कड भिंगाखाली गोल फिरवून दोनदा बघितली. कड मी नेहमी दोनदा बघते, कारण लबाड माणूस चांदी कडेचीच कातरतो. कड निर्दोष होती.

मग संताच्या काठीखाली एक बारीक खूण दिसली. स्वल्पविरामाएवढी. नखाने टोचल्यासारखी.

माझा हात थांबला. ही खूण मी आधी बघितली होती. कुठे ते आठवेना. भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"काय झालं?" फ्रायसाहेबांनी विचारलं.

"आज नको," मी म्हटलं.

व्यापारी हसला. "कारण कळेल का, मॅडम?"

"ही खूण मी कुठेतरी बघितलीय."

"असेलच बघितली. प्रसिद्ध नाणं आहे."

फ्रायसाहेब माझ्याकडे वळले. "फ्राऊ केल्कार, हे खोटं आहे का?"

"मला माहीत नाही."

आमची ओळख ज्या वाक्यावर झाली तेच मी पुन्हा बोलत होते, पण या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "एक आठवडा द्या मला," मी म्हटलं. व्यापारी शांतपणे म्हणाला, "तीन वाजता दुसरे एक गृहस्थ येताहेत. मी थांबू शकत नाही."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले होते. फ्रायसाहेब बराच वेळ त्या नाण्याकडे बघत बसले. मग त्यांनी बॅगेची चेन लावली आणि उठले.

बस टर्मिनलपर्यंत आम्ही चालत गेलो. बसच्या दारात ते वळून म्हणाले, "मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. तुम्ही आठवडा मागता." आणि आत गेले.

ते नाणं त्याच दुपारी एका दंतवैद्याने घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात उतरले आणि ती दोन खोकी उपसायला लागले. शेकडो याद्या, हजारो चित्रं. तीन दिवस. बुधवार आला आणि गेला. फ्रायसाहेब आले नाहीत. घरी प्रकाश म्हणाला, "वसुधा, दुसऱ्याच कुठल्यातरी नाण्यावर बघितलं असशील. माणसाच्या डोक्यात गल्लत होते." मेघनाने पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "आई, इट्स जस्ट अ कॉइन." मी तिच्यावर उगाच ओरडले.

चौथ्या दिवशी सापडलं. दुसऱ्या महायुद्धाआधीची एक लिलावाची यादी, कागद पिवळा पडलेला. ग्लारुसचं नाणं, संत, काठी, आणि काठीखाली तो स्वल्पविराम.

क्षणभर आनंद झाला. मग लक्षात आलं. खूण तीच म्हणजे नाणं तेच! या यादीतलं नाणं हातोहात फिरत न्यूयॉर्कच्या टेबलावर आलं होतं. ते अस्सल होतं. मी एका म्हाताऱ्या माणसाच्या हातचं अस्सल नाणं घालवलं होतं.

वर जाऊन डोरनसाहेबांना चित्र दाखवलं. त्यांनी बघितलं, माझ्यासाठी कॉफी ओतली. "होतं असं," ते म्हणाले. "माझ्याकडूनही झालंय." त्यांनी रागवायला हवं होतं. त्या समजूतदारपणाने मला जास्त लागलं.

फ्रायसाहेबांना फोन करायचा होता, पण हिंमत होईना. म्हणून पुन्हा भिंग घेऊन ते चित्र बघत बसले. नुसती बघत. आणि खाली उजवीकडे, नाण्याच्या कडेवर, एक खोक दिसली. नाणं कधीतरी दगडावर पडलं असावं तशी, चांगली ठसठशीत.

"मिस्टर डोरन," मी हाक मारली, "न्यूयॉर्कच्या नाण्याला ही खोक नव्हती."

"नक्की?"

"कड मी दोनदा बघते."

ते उठून आले. आम्ही दोघं त्या चित्रावर वाकलो. चित्र जुनं, नाणं नंतर आलेलं. माणसाची जखम भरून येते, नाण्याची नाही. कोणी सोनाराकडून डागडुजी करून घेतली असती तर भिंगाखाली जोड दिसला असता. मग उरतं एकच. कोणीतरी त्या जुन्या अस्सल नाण्यावरून ठसा बनवला होता. कडेची मोठी खोक डोळ्यांत भरणारी, ती त्याने ठशात दुरुस्त केली. काठीखालचा स्वल्पविराम त्याच्या नजरेतून सुटला आणि प्रत्येक नकलेत उतरला. नक्कलही अस्सल चांदीची, बरोबर वजनाची. म्हणून तर नाद खरा होता.

डोरनसाहेबांनी तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला. त्याने आधी आरडाओरडा केला, मग ऐकून घेतलं. दंतवैद्याकडून नाणं परत मागवून त्याने ते जाणकारांकडे पाठवलं. महिन्याभराने उत्तर आलं, नकली आहे, आणि फार चांगलं नकली आहे. तो स्वतःही फसलेला होता. त्याने मला दोन ओळींचं पत्र लिहिलं. "पुढच्या वर्षी माझ्या टेबलाशी या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवेन." आणि ठेवलीही.

पण मी ते उत्तर यायची वाट बघितली नव्हती. यादी सापडली त्याच शनिवारी प्रकाशला घेऊन मी फ्रायसाहेबांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी ट्रूडी यांनी दार उघडलं. फ्रायसाहेब खुर्चीत बसून होते, उठले नाहीत. मी यादी त्यांच्यासमोर ठेवली, खूण दाखवली, खोक दाखवली. त्यांनी आपलं भिंग काढलं आणि खूप वेळ बघितलं.

"मी तुमच्यावर रागावलो नव्हतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रागावलो होतो."

"मला ठाऊक आहे."

"सहा गेली असती." त्यांनी ट्रूडीबाईंना सांगितलं, "केक आहे ना? या लोकांना केक दे."

डोरनसाहेबांनी माझं कार्ड छापून आणलं. 'वसुधा केळकर, स्विस नाणी.' टेक्सासहून, कॅलिफोर्नियाहून फोन यायला लागले. पुष्कळदा पलीकडचा माणूस म्हणायचा, "मिस्टर केळकरांना द्या." मी सांगायचे, "ते लॅबमध्ये आहेत. तुम्हाला सेमीकंडक्टरबद्दल विचारायचंय का?" इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत प्रकाशची ओळख व्हायची ती त्याच्या पेटंटवरून. त्यातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं की न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोक त्याला विचारायचे, "तुम्ही मिसेस केळकरांचे कोण?" हे लिहिताना मला अजूनही बरं वाटतं. वाटू द्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीहून नीलिमाचा फोन आला. नीलिमा माझी हॉस्टेलची मैत्रीण, तिथे डॉक्टर. "अगं, माझी शेजारीण मिसेस हॉवर्ड आहे ना, तिच्या आजीच्या डब्यात एक लॉकेट आहे. बंदुका आहेत त्यावर. तुझ्या त्या नाण्यांसारखं वाटतंय. वीकेंडला येता का? पुरणपोळ्या करते."

पुरणपोळ्यांसाठी प्रकाशने पाच तास ड्राइव्ह केलं. मिसेस हॉवर्ड सत्तरीच्या, एकट्या. त्यांनी डबा उघडला. बटणं, मोडकी साखळी, केसांच्या पिना, आणि त्यांत ते. ग्लारुस. संत, काठी. काठीखाली स्वच्छ, कसलीही खूण नाही. सगळी नक्षी वापराने गुळगुळीत झालेली, संताचं नाक गेलेलं. आणि वर, बरोबर मध्यभागी, आरपार भोक.

मी अर्धा तास बघितलं. मग मिसेस हॉवर्डना सगळं सांगितलं. हे काय आहे, चांगल्या अवस्थेत असतं तर काय मिळालं असतं, आणि भोकामुळे आता काय मिळेल. त्या म्हणाल्या, "आजी रोज गळ्यात घालायची. हे घेणार कोण?"

मी फ्रायसाहेबांबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मी सांगितलेल्या किमतीला तो डबाच माझ्या हातात दिला, बटणांसकट.

परत येताना प्रकाश म्हणाला, "पण भोक पडलेलं नाणं संग्राहक हातात तरी धरतात का?"

"नाही धरत."

"मग?"

"आपल्याकडे पुतळ्यांची माळ करतात ती भोक न पाडता का?" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती. चाळीस वर्षं ज्या माणसाने निर्दोष नाणंच शोधलं, त्याला हे दाखवणं म्हणजे त्याची थट्टा केल्यासारखं वाटेल का?

फ्रायसाहेब तेव्हा आजारी होते. घरातच, पायांवर ब्लँकेट. मी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी भिंग मागितलं, पण हात थरथरत होता म्हणून मी ते धरलं.

"खरं आहे," मी म्हटलं. या वेळी मला माहीत होतं.

"भोक जुनं आहे?"

"फार जुनं. वरची कड बघा, दोऱ्याने झिजलीय. एका बाईने वर्षानुवर्षं गळ्यात घातलं होतं."

त्यांनी बोट फिरवून ती झीज बघितली. पुन्हा पुन्हा. मग ट्रूडीबाईंना ट्रे आणायला सांगितला. दुसऱ्या खणात नाणं ठेवलं. सतरा खण भरले. मी आणि ट्रूडीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते मिनिटभर बघत राहिले, आणि त्यांनी ते नाणं पुन्हा बाहेर काढलं.

मी ते परत घ्यायला हात पुढे केला.

"ट्रूडी," ते म्हणाले, "दोरी आहे का तुझ्याकडे?"

ट्रूडीबाईंनी शिवणाच्या डब्यातून काळी रेशमी दोरी आणली. त्यांची बोटं चालेनात म्हणून मीच ओवली, गाठ मारली आणि त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी शर्टाचं बटण काढून नाणं आत सोडलं आणि दचकले. "गार आहे," म्हणाले, आणि हसायला लागले. त्यांना तसं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं. ट्रूडीबाईंनीही नसावं, कारण त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्या हिवाळ्यात फ्रायसाहेब गेले. अंत्यविधीला शवपेटी उघडी होती. त्यांना तोच कोट घातला होता. टायच्या गाठीशेजारी कॉलरच्या आत पेरभर काळी दोरी दिसत होती. मी बघत्येय हे ट्रूडीबाईंच्या लक्षात आलं. "मी काढलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. मी त्यांचा हात दाबला.

वसंतात त्यांनी संग्रह विकायला काढला आणि यादी मीच करावी अशी अट घातली. प्रत्येक नाण्याबद्दल मी लिहिलं, कुठे घेतलं, कोणाकडून, कुठली खूण कुठे आहे. पहिल्या पानावर माझं नाव छापलं गेलं, केळकर, ळचा ल होऊन.

यादी बाहेर पडली तसे जुन्या संग्राहकांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाला तेच विचारायचं असायचं. "बिचाऱ्या फ्रायला शेवटपर्यंत ग्लारुस मिळालंच नाही ना?"

डोरनसाहेब काउंटरच्या पलीकडून माझ्याकडे बघायचे.

"विक्रीला सोळा आहेत," मी सांगायचे.